खुराड्याचे दार उघडण्यापूर्वी

आपल्या खेड्यांतून परसातील कोंबड्या पाळण्याची एक ठरलेली रीत आहे. सायंकाळी कोंबड्या आपण होऊन घराकडे परततात. घरातील बाई त्यांना खुराड्यात किंवा डालग्याखाली कोंडते आणि पहाटे कोंबडा आरवला, की चूल पेटविण्यास जाता जाता खुराड्याची फळी बाजूला सारते. त्यानंतर दिवेलागणीपर्यंत ह्या पाखरांकडे कोणी फारसे पाहत नाही. ती उकिरडा उकरतात, खळ्यावरचे दाणे टिपतात, कुंपणाच्या कडेचे किडे वेचतात आणि आपले पोट आपणच भरतात. ह्या रीतीत खर्च जवळजवळ नाही. ज्या घरात दोन एकर कोरडवाहू जमीन आहे, त्या घरातही ती परवडते, आणि अंडी विकून आलेला पैसा बहुधा बाईच्याच हाती राहतो. तेव्हा ही रीत मोडावी असे सांगण्याचा येथे हेतू नाही. फळी सारण्याच्या त्या एका क्षणाविषयी मात्र काही सांगावयाचे आहे.

दिवसभरात घरची सर्व पाखरे एका जागी, हाताशी आणि उपाशीपोटी असण्याची वेळ ही एवढीच असते. रात्रभराची विष्ठा खाली पडलेली असते, गळ्याखालची अन्नाची पिशवी रिकामी असते, आणि बहुतेक अंडी अद्याप घातली जावयाची असतात. एकदा दार उघडले, की ह्यांपैकी काहीही सायंकाळपर्यंत पाहावयास मिळत नाही. मोकळी सुटलेली कोंबडी धरण्यासाठी सारे घर तिच्यामागे धावते आणि तरीही ती सापडत नाही, हे कोणास सांगावयास नको.

कोंबडा आरवला म्हणजे उजाडले असे नव्हे

कोंबड्याच्या आरवण्यावर दार उघडण्याची वेळ ठरवू नये. कोंबडा उजेड पाहून आरवतो असे आपण समजतो. पण त्याच्या शरीरातच एक घड्याळ चालू असते. जपानमधील नागोया विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली असे दाखवून दिले, की सतत मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही सुमारे एका दिवसाच्या अंतराने पहाटेच्या वेळी आरवत राहतात. बाहेर उजाडण्याची चाहूल त्यांना लागावीच लागते असे नाही. म्हणून पहिली बांग बऱ्याच वेळा मिट्ट काळोखात होते.

त्या काळोखात बाहेर पडलेली कोंबडी जवळजवळ आंधळी असते. तिचे डोळे दिवसाच्या उजेडासाठी घडलेले आहेत. कोल्हा, रानमांजर आणि भटकी कुत्री ह्यांना मात्र ती संधिप्रकाशाची वेळ फार सोयीची असते. रात्रभर खुराड्याभोवती वास घेत फिरलेले जनावर पहाटे तेथून लगेच निघून जात नाही. अशा वेळी फळी सारणे म्हणजे पाखरे त्याच्या पुढ्यात सोडणे होय. मुंगसाची गोष्ट थोडी वेगळी आहे. ते दिवसा हिंडणारे जनावर असल्यामुळे ऊन पडल्यावरही त्याचे भय राहते. परंतु भर उजेडात कोंबड्या त्याला दुरून पाहतात व एकच गलका करतात, आणि घरातील माणसांनाही धावून जाण्यास अवसर मिळतो.

दार किती वाजता उघडावे, असे पुष्कळ जण विचारतात. घड्याळाची वेळ सांगण्यात अर्थ नाही. पुण्याकडे जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, तर जूनच्या आरंभी सहाच्या सुमारास. नागपुराकडे तो त्याहून पाव ते अर्धा तास आधी वर येतो. अंगणातल्या मातीत पडलेला ज्वारीचा दाणा उभ्याने स्पष्ट दिसू लागला, की दार उघडण्यास हरकत नाही, ही खूण सर्वत्र आणि बारमास चालते. उजाडण्यापासून तो उजेड येईपर्यंतचा जो अर्धा तास, तोच आपल्या कामाचा.

त्या अर्ध्या तासात काय पाहावे

प्रथम पाण्याचे भांडे घासून ताज्या पाण्याने भरून ठेवावे. रात्रभर तहानलेली पाखरे बाहेर येताच जे पाणी दिसेल त्यात चोच घालतात, आणि ते पाणी मोरीचे असू नये. त्यानंतर दाराजवळ जाऊन, दार न उघडता, आतील आवाज ऐकावा. घरघर, शिंक किंवा धाप लागल्यासारखा आवाज ह्या वेळी जितका स्पष्ट ऐकू येतो तितका तो दिवसभराच्या गोंगाटात येत नाही.

दार किलकिले करताच जो वास येतो त्याकडेही लक्ष द्यावे. नाकाला झोंबून डोळ्यांत पाणी आणणारा उग्र वास येत असेल, तर खालचे तूस किंवा पालापाचोळा ओला राहिला आहे, अथवा हवा खेळण्यास जागा नाही. अशा खुराड्यातील पाखरांना सर्दी-पडशाचा त्रास होतो, मग त्यांना कितीही औषध पाजा. थंडी वाजेल म्हणून खुराड्याची प्रत्येक फट पोत्यांनी बुजविण्याची सवय आपल्याकडे आहे. तिच्यामागे माया असली, तरी पाखरांना ती बाधते. वरच्या अंगाला जाळीची एक खिडकी अवश्य असावी.

खुराड्याचे दार मोठे नसावे, हेही येथेच सांगून ठेवतो. एका वेळी एकच कोंबडी बाहेर येईल एवढेच ते असावे. अशा दारातून पाखरे ओळीने निघतात, मोजता येतात, आणि प्रत्येकीची चाल, पिसे व डोळे पाहता येतात. रात्री मोजून कोंडलेली नऊ पाखरे सकाळी आठ भरली, तर त्याच दिवशी भोक शोधून बुजवावे. एकदा वाट सापडलेले मुंगूस किंवा रानमांजर दुसऱ्या रात्रीही येते.

निरोगी कोंबड्या दाराशी धक्काबुक्की करीत येतात. जी मागे राहते, पिसे फुगवून आणि मान आखडून दांडीवरच बसून राहते, तिला तशीच धरून वेगळ्या डालग्याखाली ठेवावे. ती बाहेर पडली, तर दुपारपर्यंत इतरांत मिसळून जाईल. शिवाय आपल्या विष्ठेने व लाळेने सर्वांचे पाणी दूषित करील. तिच्या गळ्याखालची पिशवी चाचपून पाहावी. रात्रभरात ती रिकामी व्हावयास हवी. सकाळीही ती घट्ट भरलेली लागली, तर दोरा, चिंधी, लांब गवत असे काहीतरी आत अडकले आहे असे समजावे.

मग विष्ठा पाहावी. हे काम किळसवाणे वाटते, पण रोगाची पहिली बातमी बहुधा येथेच मिळते. निरोगी कोंबडीची विष्ठा घट्टसर, करड्या-तपकिरी रंगाची व टोकाला पांढरी असते. मधूनमधून चिकट, गडद तपकिरी व अधिक दुर्गंधीयुक्त विष्ठाही पडते. ती आतड्याच्या आंधळ्या पिशवीतून येते, तिला भिण्याचे कारण नाही. पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसले, तर रक्ती हगवणीची शंका घ्यावी. हिरवट-पांढरी, पाण्यासारखी विष्ठा एकाहून अधिक ठिकाणी दिसली, तर त्या दिवशी दार उघडूच नये. त्याचे कारण पुढे येईल.

दांडीच्या व भिंतीच्या फटींतही एकदा काडी फिरवावी. कोंबड्यांचा गोचीड दिवसा अशा फटींत लपतो आणि रात्री बाहेर येऊन रक्त पितो. म्हणून दिवसा कोंबडीच्या अंगावर तो सहसा सापडत नाही, आणि कोंबडी का वाळत चालली आहे हे मालकाला उमगत नाही. काडीला रक्ताचे डाग लागले, की चोर सापडला असे समजावे.

अंडी कोणाच्या घरी जातात?

गावठी कोंबडी सर्वसाधारणपणे वर्षाला ५० ते ६० अंडी घालते. वनराजा, गिरिराजा, ग्रामप्रिया ह्यांसारख्या परसासाठी तयार केलेल्या सुधारित जाती ह्याहून बऱ्याच अधिक अंडी देतात. परंतु घातलेले अंडे आणि घरात आलेले अंडे ह्यांत फरक असतो. समजा, एका घरी पाच गावठी कोंबड्या आहेत व त्या मिळून वर्षाला ३०० अंडी घालतात. पाचांतील एक अंडे कुंपणात, शेजारच्या गवताच्या गंजीत किंवा कावळ्याच्या चोचीत गेले, तर ६० अंडी गेली. म्हणजे पाचांपैकी एक कोंबडी वर्षभर फुकट पोसली.

अंडे तयार होण्यास सुमारे २४ ते २६ तास लागतात. म्हणून आज सकाळी सातला अंडे घालणारी कोंबडी उद्या आठला, परवा त्याहून उशिरा, असे करीत वेळ पुढे ढकलते आणि वेळ दुपारवर गेली, की एक दिवस खाडा करते. तरी बहुतेक अंडी माध्यान्हीपूर्वीच घातली जातात. मोठ्या कुक्कुटशाळेत पाखरे आतच असतात, तेव्हा प्रश्न उद्भवत नाही. परसातील कोंबड्यांना मात्र दुपारपर्यंत कोंडून ठेवणे शक्य नाही. सकाळचे किडे व दाणे हेच त्यांचे मुख्य अन्न असल्यामुळे त्या उपाशी राहतील.

ह्यावर आपल्या घरांतील वडीलधाऱ्या बायकांची युक्ती उत्तम आहे. त्या सकाळी प्रत्येक कोंबडी चाचपून पाहतात व जिला अंडे आहे तिलाच मागे ठेवतात. कोंबडी डाव्या बगलेत धरून उजव्या हाताच्या बोटांनी शेपटीखाली, दोन हाडांच्या मधल्या मऊ भागावर, बाहेरूनच हलके दाबले असता टणक अंडे हाताला लागते. काही ठिकाणी बोट आत घालून पाहतात. ते करू नये. त्याने इजा होते, अंडे आत फुटण्याचा धोका असतो, आणि एकीचा रोग दुसरीला जातो. अंडे असलेली कोंबडी थोडे दाणे व पाणी देऊन, गवत घातलेल्या टोपलीसह डालग्याखाली ठेवावी. अंडे घालताच ती स्वतःच ओरडून सांगते. मग तिला सोडावे.

नवीन तलंग अंड्यावर येत असता टोपलीत अंड्याएवढा पांढरा गुळगुळीत गोटा ठेवावा. पहिली काही अंडी जेथे घातली जातात ती जागा कोंबडी सहसा सोडत नाही. ती जागा आपल्या घरातली असावी एवढेच पाहावयाचे. विकत आणलेल्या कोंबड्यांचीही हीच गोष्ट. बाजारातून आणलेले पाखरू पहिले पंधरा दिवस घरच्या पाखरांत मुळीच सोडू नये. तेवढ्या अवधीत त्याला घरही कळते आणि त्याने सोबत काही रोग आणला असल्यास तोही उघडकीस येतो.

लस टोचणाऱ्याने केव्हा यावे

राणीखेत रोगाने गावचे गाव कोंबड्यांवाचून कसे रिकामे होते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्याचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. आपल्या देशात हा रोग १९२७ साली कुमाऊँच्या डोंगरातील राणीखेत येथे ओळखला गेला, म्हणून त्याला हे नाव पडले. कोठे कोठे त्याला मानमोडी म्हणतात. धाप लागते, हिरवट-पांढरी हगवण होते, मान पिळवटते, पाय व पंख लुळे पडतात आणि बघता बघता खुराडे ओस पडते. त्यावर उपाय नाही. लस आहे, ती जुनी व भरवशाची आहे, आणि तरीही परसातील असंख्य कोंबड्यांना ती कधीच मिळत नाही. ह्याचे कारण लसीची किंमत हे नव्हे. माझ्या मते लस गावात पोहोचण्याची वेळ हे त्याचे एक मोठे कारण आहे.

लसीकरणाचा कार्यक्रम सकाळी अकराला ठरतो. अकरा वाजता कोंबड्या शिवारात असतात आणि बायकाही कामावर असतात. शंभर मात्रांची बाटली फोडावी, तर धरून आणलेली पाखरे दहा-बारा. लस पातळ केल्यावर ती दोन तासांच्या आत संपवावी लागते. उरलेली टाकून द्यावी लागते. टोचणारा कंटाळतो, मालकाचाही विश्वास उडतो, आणि पुढच्या खेपेस कोणीच येत नाही. ह्यात कोणाचा आळस नाही; केवळ वेळ चुकलेली आहे.

म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना आग्रहाने सांगावेसे वाटते, की कोंबड्यांची लस खुराड्याचे दार उघडण्यापूर्वी टोचली गेली पाहिजे. आदल्या दिवशी सायंकाळी वस्तीवर जाऊन प्रत्येक घरी सांगावे, शक्य तर दवंडी द्यावी, की उद्या लस टोचून होईपर्यंत कोणी कोंबड्या सोडू नयेत. त्या वेळीच प्रत्येक घरच्या पाखरांची संख्या लिहून घ्यावी, म्हणजे किती बाटल्या आणावयाच्या हे कळते व दोन-तीन वाड्यांचे गट पाडता येतात. मुक्काम वस्तीवर करणे शक्य नसेल, तर दिवेलागणीनंतर कंदील किंवा विजेरी घेऊन गेले तरी चालते; अंधारात पाखरे निमूट बसून राहतात. गावातील पशुसखी अथवा बचत गटातील एखादी जाणती बाई सोबत असावी. कोणाकडे किती कोंबड्या आहेत हे तिला यादीवाचून ठाऊक असते, आणि परक्या पुरुषाला पहाटे खुराड्यापर्यंत जाण्याचा जो संकोच वाटतो तोही राहत नाही.

पिल्लांना पहिली लस पाच ते सात दिवसांच्या वयात, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब टाकून देतात. सुमारे चार आठवड्यांनी तिची पुन्हा मात्रा देतात. आठ आठवडे पूर्ण झाल्यावर मोठ्या पाखरांची लस टोचावयाची असते. ती त्यापूर्वी टोचू नये. लस बर्फ घातलेल्या थर्मासमध्येच आणावी व उन्हात ठेवू नये. आजारी पाखराला टोचू नये. कोणते पाखरू आजारी आहे हे कोणाला सांगता येईल? ज्या बाईने गेले आठ दिवस दाराशी उभे राहून ती पाहिली आहेत, तिलाच. जंताचे औषध लसीपूर्वी आठवडाभर आधी दिलेले बरे. देवी रोगाचीही लस असते. तिच्याविषयी पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच वेळी विचारून घ्यावे.

उन्हाळ्यात रोगाचा जोर अधिक दिसतो. तेव्हा थंडी संपता संपता हे काम उरकलेले असावे.

दार उघडू नये असा दिवस

एखादे दिवशी फळी सारताच दोन-तीन पाखरे मेलेली आढळतात, इतर सुस्त असतात, तुरे निळसर-काळे पडलेले असतात. अशा वेळी घरोघर जे घडते ते असे: जिवंत कोंबड्या घाईने बाहेर सोडल्या जातात, मेलेल्या ओढ्यात किंवा उकिरड्यावर फेकल्या जातात, आणि ज्या अजून धडधाकट दिसतात त्या त्याच आठवड्याच्या बाजारात विकल्या जातात. गरीब घराने हातचे चार पैसे वाचवू पाहावे ह्यात नवल नाही. पण रोग एका गावाहून दुसऱ्या गावाला जातो तो ह्याच मार्गाने, आणि पुढील वर्षी तो त्याच बाजारातून आपल्या घरी परत येतो.

त्या दिवशी दार बंदच ठेवावे. आत दाणा-पाणी द्यावे व ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. जनावरांतील संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्याने अशी खबर देणे हे मालकाचे कर्तव्य ठरविले आहे. मेलेल्या पाखरांना उघड्या हातांनी शिवू नये, ती सोलू नयेत, खाऊ नयेत. नाकातोंडावर फडके बांधावे आणि मुलांना दूर ठेवावे. रोग राणीखेत आहे की बर्ड फ्लू, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही, आणि दुसरा रोग क्वचित माणसालाही होतो. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील ह्या रोगाची पहिली लागण सिद्ध झाली, तेव्हा कुक्कुटशाळांबरोबर भोवतालच्या परसांतील कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या होत्या. नमुने घेऊन झाल्यावर मेलेली पाखरे खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावीत.

ऋतूप्रमाणे फेरफार

उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भात, सकाळची सारी कामे लवकर उरकावीत. कोंबडीला घाम येत नाही. ती तोंड उघडून धापा टाकूनच अंगातील उष्णता बाहेर टाकते. दहानंतर तिला चरण्याची इच्छा राहत नाही. म्हणून उजेड होताच सोडावे आणि सावलीत दोन ठिकाणी पाणी ठेवावे.

दाण्याविषयी एक गोष्ट. सकाळी मूठभर कण्यांपेक्षा अधिक काही घालू नये. पोट भरले, की कोंबडी अंगणातच रेंगाळते. खरा दाणा सायंकाळी, नेहमीची हाक देऊन, खुराड्याजवळ घालावा. म्हणजे सर्व पाखरे वेळेवर परततात.

पिल्ले असलेल्या कोंबडीला मात्र ह्या सर्वांबरोबर सोडू नये. कोकणात पावसाळ्यात, आणि घाटावर दव पडते त्या दिवसांत, सकाळची ओली जमीन पिल्लांना फार घातक असते. एकतर ती भिजून गारठतात. दुसरे म्हणजे रक्ती हगवणीचे जंतू ओलाव्यातच वाढीस लागतात. ऊन पडून माती सुकल्यावर, म्हणजे साधारण आठ-नऊच्या सुमारास, त्यांना आईसह अंगणात आणावे; तेही पहिले दोन-तीन आठवडे मोठ्या डालग्याखालीच. कावळा आणि घार ह्यांची नजर त्याच वेळी अंगणावर असते. थेंबाची पहिली लस ह्याच दिवसांत द्यावयाची असल्यामुळे पिल्ले डालग्याखाली असणे टोचणाऱ्यालाही सोयीचे पडते.